बाटलीभर तोल

नळाला थेंब नव्हता त्या उन्हाळ्यात मी नळाचे पाईप विकत घेतले. अर्ध्या इंची पाईपचे तीन तुकडे, दोन एल्बो, एक टी, बुडाला बसवायची लोखंडी चकती आणि मूठभर वायसर. जळकोटच्या हार्डवेअरवाल्या चाचांनी सगळा माल काउंटरवर मांडला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. "नळ बसवून राहिले का मियाँ? पाईप मी देतो, पानी कोन देनार?" बाकड्यावर बसलेले दोघंतिघं हसले, मीही हसलो. चालताना कॅमेरा हलू नये म्हणून हा सगळा खटाटोप आहे असं सांगितलं असतं तर ते आणखी मोठ्यानं हसले असते, म्हणून पिशवी उचलली आणि निघालो.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण म्हणजे यंदाचा उन्हाळा. पाऊस हुकला, होळीच्या आधीच टँकरची भाषा सुरू झाली, आणि टँकरच्या मागोमाग आमच्याकडं नवा जिल्हा येतो. म्हणजे जिल्हा येत नाही, त्याची गोष्ट येते. लातूर लांब पडतं, तालुक्याकडं कुणी बघत नाही, आपला वेगळा जिल्हा झाला की कलेक्टर हाकेच्या अंतरावर आणि टँकर दारात, अशी ती गोष्ट आहे. चांगला पाऊस झाला की ती कुठं जाते कुणास ठाऊक. मी आता नांदेडला एका स्टुडिओत लग्नांचं शूटिंग करतो. परवा गावाकडून एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. "सर, तुम्ही काढलेली ती तहानीची फिल्म हाय का हो? आम्ही परत निवेदन द्यायलोत." मी म्हटलं, शोधून सांगतो. शोधायचं काहीच नव्हतं. हार्डडिस्क कुठल्या खणात आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तिच्यातला एक तुकडा मी इतकी वर्षं मुद्दाम उघडलेला नाही, हेही ठाऊक होतं.

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं. स्टेशनावर माणसांपेक्षा कॅमेरे जास्त होते म्हणतात. आमचं गाव जळकोट तालुक्याच्या टोकाला, तिथं ना रेल्वे ना कॅमेरा. होता तो माझा एक, जुना, दुसऱ्यानं वापरलेला. त्याच्यावर मी लोह्यापासून उदगीरपर्यंत लग्नं काढायचो, पण त्या साली लग्नंच पुढं ढकलली गेली. पंगत बसवायची तर पाणी कुठून आणायचं. मग बॅग उचलून मी गावी येऊन बसलो.

घरात वहिनी एकटीच होती. दादा हैदराबादला इमारतीच्या कामावर गेलेला. आमचे आईबाप लवकर गेले, आणि वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी आठवीत होतो. स्वतः विशीची नसलेली ती पोरगी मला "भाऊजी, तुम्ही" असं म्हणायची आणि माझ्या शर्टाची बटणं लावून द्यायची. तिच्या भाकरीवर मी दहावी झालो, तिच्याच हट्टानं आयटीआयला गेलो, आणि दादा नको म्हणत असताना कॅमेरा घेतला तो तिनं मध्ये पडून. एवढं आधी सांगून ठेवतो. पुढचं कळायला ते लागेल.

मला शाळेत शिकवलेले एक गुरुजी निवृत्त होऊन नव्या जिल्ह्याच्या समितीचे सेक्रेटरी झाले होते. निवेदनं देऊन देऊन त्यांचे जोडे झिजले होते. एके दिवशी ते ओसरीवर येऊन बसले, टोपीनं वारा घेत म्हणाले, "कागद वाचत न्हाईत रे ते लोक. तुझ्याकडं कॅमेरा हाय. आपल्या तालुक्याची तहान काढ. मुंबईला दाखवू." मी लगेच हो म्हटलं. ते तालुक्याच्या प्रेमापोटी होतं असं लिहायला मला आवडलं असतं. नांदेडच्या स्टुडिओवाल्यानं मला सांगितलं होतं, आधी काहीतरी भारी काम करून दाखव, मग बघू. गुरुजींना जिल्हा हवा होता, मला नांदेड हवं होतं. तहान आम्हा दोघांच्याही कामाची होती.

पहिल्या दिवशीचं शूटिंग घरी येऊन पाहिलं तर डोकं गरगरलं. हातात कॅमेरा धरून आटलेल्या तळ्यातून चाललो होतो, पण पडद्यावर तळं उड्या मारत होतं. मोठे लोक ज्यानं चालता चालता चित्र स्थिर ठेवतात ते यंत्र मी एकदा नांदेडच्या एका थाटाच्या लग्नात पाहिलं होतं, लांबूनच, कारण त्याचा मालक हात लावू देईना. पण पाहून घेतलं होतं. मध्ये दांडी, वर कॅमेरा, खाली वजन, आणि जिथून हातात धरायचं तिथं सगळं मोकळं फिरणारं. वरचं आणि खालचं एकमेकांना सांभाळून घेतं, मधल्या माणसाचे हिसके कुणापर्यंत पोचत नाहीत. आयटीआयला फिटर झालो होतो, एवढं कळायला पुरेसं होतं.

ओसरीवर पाईप, पान्हे, पांढरी टेप पसरून मी बसलो. वहिनी चुलीपुढून डोकावून म्हणाली, "काय करायलाव हो हे नळाचं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आन् हलंना तर काय व्हईल?" मी म्हटलं, नोकरी लागेल. त्यावर ती उठून आत गेली आणि बोअर आटल्यावर वर काढून ठेवलेल्या मोटारीवरचं पोतं ओढलं. "हिच्यात कायतरी फिरायचं सामान आसंल की. हिला आता काय काम हाय." त्या मोटारीची बेअरिंग काढून मी मुठीपाशी बसवली. घासलेट टाकून धुतली तेव्हा ती अशी फिरायला लागली की बोटानं ढकलावी आणि बघत बसावं. सायकलच्या हँडलची रबरी मूठ लावली. कॅमेऱ्यासाठी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवली. वजनाला वाण्याच्या ताजव्यातलं किलोचं माप मागून आणलं, बुडाच्या चकतीला तारेनं बांधलं, दोनचार वायसर सरकवून तोल साधला. यंत्र आडवं करून सोडलं की ते सावकाश उभं राहायचं. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मंगळवारी बाजार. वाणी आला आणि आपलं माप घेऊन गेला.

आता किलोभर वजन आणायचं कुठून? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे गुरुजींनीच पाचवीत शिकवलेलं. घरात बिसलेरीची रिकामी बाटली होती. भरली, उलटी करून चकतीखाली आवळली, तोल जसाच्या तसा. मी स्वतःवर भलताच खूश झालो. एक अडचण निघाली. बाटली जरा जरी रिकामी राहिली की आत पाणी डुचमळायचं आणि तो हिसका वर कॅमेऱ्यापर्यंत जायचा. काठोकाठ भरली, बुचापर्यंत, हवेचा बुडबुडासुद्धा नको, की मग ती गप्प. शिवाय काम संपलं की तेच पाणी पिता यायचं. एका बाटलीत दोन कामं होतात, असं मी गुरुजींना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

मग रोज सकाळी वहिनी ती बाटली भरून ओसरीवर ठेवायची. गडव्यानं, फडकं लावून, थेंब न सांडता. तेव्हा गावाला तीन दिवसांआड टँकर. तो विहिरीत सोडायचा आणि बायांनी शेंदायचं. तिच्या वाट्याला दोन घागरी यायच्या, एखाद्या दिवशी तीन. त्यातली रोज एक बाटली माझ्या यंत्राला. ती कधी काही बोलली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही की ही बाटली कशातून कमी होते.

यंत्र झालं तरी चित्र हलायचंच. दोष माझ्या चालण्यात होता. विहाराच्या पुढच्या मोकळ्या जागेत मी फेऱ्या मारत होतो आणि वहिनी डोक्यावर रिकामी घागर घेऊन जाता जाता थांबली. "भाऊजी, आसं दणादणा चालतेत का कुणी? टाच आपटू नका. गुडघ्यात ढिल द्या." तिनं ती घागर तशीच डोक्यावर ठेवून, हात सोडून, मला चालून दाखवलं. पाठ ताठ, मान स्थिर, कमरेखाली सगळं मऊ. "आन् नजर लांब ठेवा. घागरीकडं बघायचंच न्हाई. बघितलं की सांडतंय." मी तिच्या मागोमाग तसा चालायला लागलो. पोरंसोरं हसली, एका म्हातारीनं विचारलं की याला काय झालंय. दोन दिवसांत माझं चित्र गुळगुळीत झालं. आज नांदेडात नव्या कॅमेरावाल्यांना चालायला शिकवतो तेव्हा मी हेच शब्द सांगतो. कुणाचे आहेत ते सांगत नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. दारात कुणीही येऊ दे, आधी पाणी, मग बोलणं. ती आजोबांनी घातलेली. आजोबा तरुणपणी गावच्या विहिरीपासून लांब उभे राहायचे, कुणाला दया आली तर वरून ओंजळीत धार सोडायचा, नाही आली तर तसेच परत यायचे. पुढं दीक्षा घेतली, शेताच्या तुकड्यात आपली विहीर खणली, आणि घरातल्यांना बजावून ठेवलं की या घरात पाणी मागणाऱ्याला "थांब" म्हणायचं नाही. आमच्यात लग्न होऊन येणाऱ्या पोरीला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतात. वहिनीलाही सांगितली होती. मला तर ती भाकरीबरोबर मिळालेली. आजोबांची विहीर मात्र त्या साली बोअरबरोबरच आटली होती.

गुरुजींना एक लांबलचक शॉट हवा होता. रांगेच्या शेपटापासून विहिरीपर्यंत, मध्ये न तोडता, प्रत्येक बाईच्या तोंडावरून, प्रत्येक घागरीवरून. "बघणाऱ्याला वाटलं पायजे की रांग संपतच न्हाई." त्या दिवशी टँकर सकाळी येणार होता आणि दुपार उलटून गेली तरी पत्ता नव्हता. बाया उठल्या नाहीत, नंबर जातो. डांबर मऊ झालेलं, लिंबाची सावली कुणाच्याच कामाची नव्हती. मी ओसरीवर पंख्याखाली बसून होतो. टँकरचा आवाज आला तसा यंत्र उचलून पळालो. बाया उभ्या राहिल्या. शॉट एकदाच मिळणार होता. एकदा बादल्या विहिरीत पडल्या की रांग राहत नाही.

गुडघ्यात ढिल, नजर लांब. मी शेपटापासून निघालो. स्क्रीनवर एकेक चेहरा यायचा, राहायचा, सरकायचा. हात सुन्न झाले होते पण चित्र तेलावरून घसरावं तसं जात होतं. असं आयुष्यात पुन्हा जमणार नाही हे मला चालतानाच कळत होतं. रांगेच्या मध्यावर वहिनीचा चेहरा आला. ओठ पांढरे पडलेले. ती कॅमेऱ्याकडं नाही, खाली बाटलीकडं बघत होती.

"भाऊजी, घोटभर द्या ओ. कोरड पडली."

आणि तिनं हात पुढं केला. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. म्हणालो, "थांबा वहिनी. हात लावू नका, तोल जाईल." घोटभर पाणी गेलं असतं तर बाटलीत हवा शिरली असती, पाणी डुचमळलं असतं, शॉट गेला असता. सगळं खरं होतं. मी तसाच पुढं सरकलो, विहिरीपर्यंत गेलो, टँकरच्या पाईपातून धार सुटली तिच्यावर येऊन थांबलो. गुरुजी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेका, जिल्हा आणलास."

तेवढ्यात गावातली लाईट गेली, म्हणून नंतर गुरुजींच्या गाडीवरून जळकोटला निघालो, बॅटरी चार्ज करायला. फाट्यापाशी मला तहान लागली. बाटली सोडली आणि प्यालो. पाणी गरम झालेलं होतं. उरलेल्यानं तोंडावर हबका मारला. मागं वळून वहिनीला पाणी मिळालं का, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ते आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा बाटली काठोकाठ भरून ओसरीवर ठेवलेली दिसली. काय बोलायचं ते सुचेपर्यंत चहा आला, आणि चहा आल्यावर ते राहूनच गेलं.

फिल्म मुंबईला गेली. गुरुजींनी परत आल्यावर सांगितलं ते असं, की एका साहेबांनी ती पूर्ण पाहिली आणि विचारलं, हा शॉट कशानं काढला, क्रेन होती का? गुरुजींनी नळाच्या पाईपांचं सांगितलं तर साहेब थक्क झाले, गावाकडं काय टॅलेंट आहे म्हणाले. पाण्याचं काही विचारलं नाही. "दुष्काळ लई देखणा निघाला रे आपला," गुरुजी म्हणाले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जिल्हा झाला नाही. गुरुजी आता नाहीत. मला मात्र जे हवं होतं ते मिळालं. त्या एका शॉटवर नांदेडच्या मालकानं मला ठेवून घेतलं. मुंबईला जायच्या आधी फिल्म त्याच्याच स्टुडिओत जोडली होती, आणि त्या शॉटमधला वहिनीचा भाग तेवढा त्यानं तेव्हाच कापायला लावला होता. बाईचा हात मध्येच येतोय, बघणाऱ्याला कळत नाही काय चाललंय, असं त्याचं म्हणणं. मी लगेच कापला, जोड कुणाला दिसला नाही.

आता ते पाईप स्टुडिओच्या माळ्यावर गंजत पडलेत. हल्ली बॅटरीवर चालणारी यंत्रं आलीत, मुठीएवढी. धावलात तरी चित्र हलत नाही, आणि धरणाऱ्याला काही शिकावं लागत नाही. गेल्या महिन्यात अर्धापूरला लग्न होतं. दारात केळीचे घड लागलेले खांब, मंडपात थंड फवारा सोडणारे पंखे. पाहुणे दोन घोट घेऊन बाटली टेबलावर सोडून जात होते. मी नवरानवरीच्या पुढं उलटा चालत होतो आणि कडेनं त्या अर्ध्या बाटल्या दिसत होत्या, टेबलाला धक्का लागला की डुचमळणाऱ्या. माझं लक्ष उडालं. मालक नंतर म्हणाला की आज तुझ्या शॉटमध्ये जीव नव्हता.

फोन आल्यावर मात्र मी हार्डडिस्क काढली. कापलेला तुकडा उघडला. वहिनीचा चेहरा येतो. हात चौकटीच्या खालच्या कडेतून बाहेर जातो. माझा आवाज येतो, शांत, कामातल्या माणसाचा. हात परत येतो, पदराचं टोक घेऊन ओठ पुसतो, आणि ती मान वर करून समोर लांब कुठंतरी बघायला लागते. मला शिकवलं होतं तसं. चित्र केसभरसुद्धा हलत नाही. मी पुनःपुन्हा पाहिलं. एखादा हिसका असावा, माझ्या हाताला निदान काहीतरी झालेलं असावं, म्हणून शोधत होतो. कुठंच काही नाही.

रविवारी गावी गेलो. पायरीवर पाय ठेवायच्या आत वहिनी तांब्या घेऊन पुढं आली. तिचे केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, डोक्यावर आता घागर घेत नाही. मी पाणी प्यालो आणि फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, बघा. तिनं फोन लांब धरून, डोळे बारीक करून सगळं पाहिलं. हात पुढं गेला, परत आला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. इतक्या वर्षांनी माफी मागायची तर कोणत्या शब्दानं सुरू करावी, याची बसमध्ये तयारी करून आलो होतो.

"किती वाळले व्हते ओ मी," ती म्हणाली. मग फोन मला परत दिला. "एक इचारू का भाऊजी? तवाच इचारायचं व्हतं, पर तुम्ही कामात व्हताव. त्या बाटलीत वाळू का न्हाई भरली? तिरू नदीच्या पात्रात तर वाळूच वाळू व्हती. ती डुचमळली बी नसती."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. रोज गडव्यानं बाटली भरताना हा प्रश्न तिच्या मनात येत असणार, आणि आपल्या शिकलेल्या दिराला यंत्रातलं जास्त कळतं म्हणून तो तिनं गिळला असणार.

मी बेअरिंगचं काहीतरी सांगायला लागलो, मग थांबलो. उत्तर मला माहीत होतं. वाळू भरली असती तर काम संपल्यावर मला प्यायला काही उरलं नसतं.